दुसऱ्याचं काडतूस

एक

बातिस्त एचारचा जीव घेणारी गोळी वाटाण्याच्या दाण्याहून जाड नव्हती.

सप्टेंबरातल्या एका सकाळी तो मेंढपाळ बिग हॉर्न डोंगराच्या उतारावर, आपल्या छपराच्या गाडीसमोर खोक्यावर बसून न्याहारी करत होता. रसद घेऊन वर गेलेल्या मेव्हण्याला तो तिथेच उताणा पडलेला सापडला. उजव्या हाताशी कॉफीचा कप कलंडला होता. मेंढ्या ओढ्यापर्यंत पांगल्या होत्या आणि बेल्ट्झा हा त्याचा काळा कुत्रा गाडीखाली अंग चोरून बसला होता.

समोर दोनशे यार्डांवर एक टेकाड होतं. तिथलं गवत एका जागी माणसाच्या लांबीइतकं दबलं होतं आणि त्यात एक रिकामी पितळी पुंगळी पडली होती. पुंगळीच्या बुडाच्या कडेला कानशीनं पाडलेली बारीक खाच होती. हॅकेट गावात तशी खाच पाडणारा माणूस एकच. दुपारच्या आत शेरीफ माइलो राउचनं डेल किट्रेजला कोठडीत टाकलं.

प्रेत हार्लन टोफ्टच्या दुकानात आलं. हार्लनचं फर्निचरचं दुकान होतं, मागच्या खोलीत तो प्रेतं तयार करायचा, आणि गावानं त्यालाच निवडून कॉरोनर, म्हणजे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारा अधिकारी, केलं होतं. त्यामुळे हॅकेटमध्ये खुर्ची घ्यायची असो की शेवटची पेटी, दार तेच.

छातीच्या मध्यापासून थोडं बाजूला एक लहानसं भोक होतं. आत गोळीचा चुरा झाला होता. बिळांतल्या खारी टिपायच्या या गोळ्या लागल्या की फुटतात. बंदुकीच्या नळीच्या खुणा जुळवायला काही उरत नाही. हार्लननं हात पुसले आणि मग त्याचं लक्ष बातिस्तच्या डाव्या मुठीकडे गेलं.

मूठ उघडायला त्याला वेळ लागला. आत पावाचा तुकडा होता. हातानं तोडलेला, दात न लागलेला. माणूस खायचा घास असा धरत नाही. दुसऱ्याला देताना धरतो.

दोन

"अजून काय पाहिजे तुला?" माइलोनं पुंगळी टेबलावर ठेवली. "जूनमध्ये धान्याच्या दुकानात अर्ध्या गावासमोर डेल बातिस्तच्या अंगावर धावून गेला होता. त्या कुत्र्याला गोळी घालीन म्हणाला. आता त्याचीच पुंगळी समोर पडलीय. मी आंधळा असतो तरी पकडला असता."

"डेलच्या घरून आणलेल्या पुंगळ्या कुठे आहेत? उडवलेल्या, अजून साफ न केलेल्या?"

माइलोनं डबा पुढे सरकवला. हार्लननं कोटाच्या खिशातून एक सुटी गोळी काढली. डब्यातली एक पुंगळी उचलून तिच्या तोंडात गोळी सारली. गोळी बुचासारखी घट्ट गेली. अंगठ्यानं दाबावी लागली. दुसऱ्या पुंगळीत तेच, तिसरीत तेच. मग त्यानं टेकाडावरची पुंगळी रुमालानं उचलली आणि तिच्या तोंडावर गोळी ठेवली. गोळी टक्कन आत पडली. त्यानं पुंगळी हलवली, तर ती खुळखुळ्यासारखी वाजली.

माइलो बघत राहिला. "हे तुमच्या नेमबाजीच्या क्लबाचं काहीतरी आहे. मला गुरं राखणाऱ्याला कळेल असं सांग."

"काडतूस उडालं की पुंगळी फुगते आणि बंदुकीत ती बसते त्या घराचं माप घेते. डेलनं त्याच्या बंदुकीचं घर मुद्दाम आवळ कापून घेतलंय. पुंगळीची मान खरडून पातळ करतो तेव्हाच ती त्यात बसते. उडाली तरी फुगायला जागा नाही. आमच्या सगळ्यांच्या बंदुका कारखान्याच्या, सैल. आमचं काडतूस त्याच्या बंदुकीत जातच नाही. त्याचं मात्र कुणाच्याही बंदुकीत जातं." हार्लननं पुंगळी परत ठेवली. "ही फुगलीय, माइलो. काडतूस डेलचं, पण उडालंय दुसऱ्याच्या बंदुकीतून."

"आणि डेलचं भरलेलं काडतूस दुसऱ्याच्या हातात गेलं कसं? आकाशातून पडलं?"

हार्लननं दुसऱ्या खिशात हात घातला आणि एक भरलेलं काडतूस टेबलावर उभं केलं. बुडाच्या कडेला कानशीची बारीक खाच होती.

"असं," तो म्हणाला.

तीन

क्लबात रीत होती. ऑगस्टची स्पर्धा जो जिंकेल त्यानं बाकीच्यांना आपलं एकेक काडतूस द्यायचं. घरी न्या, उघडा, दारू मोजा, गोळी किती खोल बसवलीय बघा, शिका. काडतूस स्वतः भरणाऱ्यांच्या जगात याहून मोठा दिलदारपणा नाही. एका काडतुसात माणसाचा हिवाळा गेलेला असतो: अमुक दारू, कणभर कमी, कणभर जास्त, अमुक वजनाची गोळी, आणि प्रत्येक बदलानंतर पुन्हा कागदावर भोकं पाडून बघणं. यंदा डेल जिंकला होता. त्यानं काडतुसं दिली ती हार्लनला, व्हर्ना स्ट्राउडला, एमेट लाउक्सला आणि क्लेटन हपला.

"म्हणजे यादीत तूही आलास," माइलो म्हणाला.

"आलो. पण माझं तुझ्या समोर उभं आहे."

"ते तिथंच राहू दे."

"नको. मला ते लागणार आहे."

माइलोनं डोळे बारीक केले, पण काडतुसाला हात लावला नाही. "शायेनच्या प्रयोगशाळेकडून पुंगळीच्या टोपीवर बंदुकीच्या पिनेनं उठवलेल्या ठशाचा निकाल यायला वेळ आहे. जज्जाला मात्र वेळ नाही. येत्या मंगळवारी डेलवर खुनाचा आरोप ठेवणार. तोवर तुझ्या चौकशीत काय सापडेल ते सापडेल."

डेल कोठडीच्या बाकावर कोपरं गुडघ्यांवर टेकून बसला होता. तिशीतला उंच पोरगा, पण आता घडी करून ठेवल्यासारखा दिसत होता.

"माझी बंदूक पुंगळी बाहेर फेकत नाही, हार्लन. फेकणारा खटका मीच काढून टाकलाय, पितळेला ओरखडा नको म्हणून. पुंगळी बोटानं काढावी लागते. आणि ती मी गवतात टाकून येईन? लग्न झालं असतं तर एक वेळ अंगठी टाकून आलो असतो."

"हे माइलोला सांगितलंस?"

"तो म्हणाला, घाईत पडली असेल." डेल हसला नाही. "जूनमध्ये मी ओरडलो, खरंय. त्या कुत्र्यानं माझी वासरं कुंपणावर नेऊन घातली होती. पण पुढच्या रविवारी बातिस्त स्वतः घरी आला. कातडी पिशवीतली वाईन पाजली. मला ती धार तोंडात धरता येईना, सगळी शर्टावर, तर म्हातारा खो खो हसला. जाताना हातावर हात मारला. ओढ्याकाठचं कुरण वसंतात मला चारायला देणार होता."

"हे कुणाला माहीत होतं?"

"ज्यांना नाही म्हणाला त्यांना. एमेटच्या भावाला हवं होतं, क्लेटनला हवं होतं. या मुलखात वर्षभर वाहणारा ओढा कुणाला नकोय?" त्यानं मान वर केली. "मी त्याला कशाला मारीन? त्याच्यामागोमाग माझं कुरणही गेलं. आणि बातिस्तची बायको ग्राक्सी काल खिडकीखाली उभी राहून म्हणाली, तुला फाशी झालेली मला बघायचीय. तिच्या हातचं मी जेवलोय, हार्लन."

चार

व्हर्ना स्ट्राउड कोंबड्यांना दाणे टाकत होती. साठीची विधवा, स्पर्धेत पुरुषांना हरवायची आणि वर त्यांची समजूत घालायची.

"काडतूस? त्याच दिवशी फोडलं," ती म्हणाली. "ये, बघ." स्वयंपाकघराच्या खिडकीत मुरंब्याची बाटली होती. तीत खाच असलेली पुंगळी, चिमट्याचे चरे उठलेली गोळी आणि कागदाच्या पुडीत दारू. पुंगळीच्या बुडाची टोपी कोरी होती, ठोका न बसलेली.

"आपल्या बंदुकीत घालून बघावंसं नाही वाटलं?"

"दुसऱ्याचं काडतूस? माझे दात घालशील का तू तुझ्या तोंडात?" तिनं बाटलीचं झाकण लावलं. "डेलनं केलं नाही ना रे हे?"

"बंदूक त्याची नाही, एवढं मला कळलंय. बाकी नाही."

एमेट लाउक्स न्हावी होता. त्यानं गिऱ्हाइकाच्या गालावर साबण तसाच ठेवला आणि आरशावरच्या फळीकडे बोट केलं. दाढीच्या कपांच्या रांगेत डेलचं काडतूस उभं होतं, अंगावर धुळीचा थर. "मी उघडणार नाही. आमच्या घराण्यात तसल्या कारागिरीच्या जवळ कुणी गेलेलं नाही. नुसतं बघतो." साबणातलं गिऱ्हाईक म्हणालं, "आणि आम्हालाही बघायला लावतो."

क्लेटन हपनं हार्लनला आग्रह करून ओसरीवर बसवलं, कॉफी दिली. मोठ्या अंगाचा, मोकळ्या हाताचा माणूस. गुरांचा मालक, क्लबाचा अध्यक्ष. डेलच्या आधी सलग काही वर्षं ऑगस्टचा कप त्याच्याकडेच होता.

"माझं मी उडवलं," तो सहज म्हणाला. "स्पर्धेच्या दुसऱ्याच दिवशी, मागच्या निशाणावर. पुंगळी त्या डब्यात टाकली. आता डब्यात नाही, मी शोधली. अंगणात सगळा गाव येतो-जातो, हार्लन. कुणी उचलून टेकाडावर नेऊन टाकली असेल तर मी काय करू?"

हे शक्य होतं. पुंगळीला पाय नसतात, पण खिसे सगळ्यांना असतात. हार्लननं कॉफीचा घोट घेतला.

"लागली कुठे?"

"हं?"

"डेलची गोळी. तुझ्या बंदुकीतून कागदावर कुठे लागली? मी अजून मारून पाहिली नाही."

क्लेटननं क्षणभर कपात पाहिलं. "मध्यात," तो म्हणाला. "माझ्या गोळ्यांच्या भोकांतच. पोराचं काम चांगलं आहे. कुठल्याही बंदुकीतून चालेल."

हार्लननं मान डोलावली, कॉफीबद्दल आभार मानले आणि तो ग्राक्सी एचारकडे गेला.

ग्राक्सीनं त्याला आत घेतलं, पण बस म्हणाली नाही. काळ्या पोशाखात ती टेबलाला धरून उभी होती. चुलीवर काही नव्हतं.

"त्याला सोडवायला आलात. मला माहीत आहे. तुम्ही सगळे एका क्लबातले."

"एकच विचारायचंय. बातिस्त न्याहारीला बसायचे तेव्हा कुत्रा कुठे असायचा?"

तिच्या कपाळावर आठी चढली. "हा काय प्रश्न? डाव्या गुडघ्याशी. पहिला तुकडा त्याचा. मी ओरडायची, माणसाच्या आधी जनावराला देतोस म्हणून. मेंढपाळ तर सगळेच देतात."

हार्लन बाहेर पडला आणि गाडीच्या पायरीवर बराच वेळ बसून राहिला. डावा हात पुढे, हातात पाव, पावाशी कुत्रा. टेकाडावरच्या माणसानं नेम धरला होता तो कुत्र्यावर. डेलनं मारीन म्हटलेला कुत्रा मेलेला, आणि समोर डेलची पुंगळी. बातिस्तनं हातावर मारलेला हात तिथेच सुटला असता आणि कुरण पुन्हा मोकळं झालं असतं. बेत एवढाच होता.

पण दोनशे यार्डांवरून, झोपून, बंदुकीवरच्या दुर्बिणीतून, कुत्र्याएवढं जनावर? क्लबातला कुठलाही माणूस तेवढ्या अंतरावर बाटलीचं बूच उडवायचा. स्वतःच्या काडतुसानं.

पाच

शनिवारी क्लबाच्या मैदानावर वारा नव्हता. निशाणांशेजारच्या फिती सरळ लोंबत होत्या. हार्लननं सगळ्यांना बोलावलं होतं: व्हर्ना, एमेट, क्लेटन, आणि मागे गाडीला टेकून माइलो.

"तुझी बंदूक आणलीस, बरं झालं," हार्लन क्लेटनला म्हणाला. "आधी तुझ्या काडतुसानं मारून दाखव."

क्लेटननं मारलं. दोनशे यार्डांवरच्या कागदाच्या मध्यात भोकं एकमेकांत मिसळली. एमेटनं शीळ घातली.

हार्लननं खाच असलेलं काडतूस त्याच्यापुढे धरलं. "आता हे."

क्लेटननं हात पुढे केला नाही. "दुसऱ्याचं काडतूस मी माझ्या बंदुकीत घालत नाही."

"घातलं होतंस ना? मध्यात लागली म्हणालास."

क्लेटनचा चेहरा तांबडा झाला. "तेव्हा घातलं. पुन्हा नाही. आणि मी मारलं तर तुम्ही म्हणाल, मुद्दाम चुकवलं."

"तेही खरंच," व्हर्ना म्हणाली आणि त्याच्या बंदुकीमागे जाऊन बसली. "आण इकडे, हार्लन. माझा हात अजून कापत नाही."

माइलो गाडीपासून पुढे आला. तिनं काडतूस आत सारलं, गाल टेकवला, श्वास सोडला आणि चाप ओढला. दुर्बिणीतून पाहत ती म्हणाली, "अगं बाई."

मध्यातल्या भोकांपासून वीतभर वर, डावीकडे, एक नवीन भोक पडलं होतं.

"एक आणखी हवी," माइलो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "एका गोळीवर मी काही मानणार नाही."

एमेटनं खिशातून आपलं काडतूस काढलं. त्यावरची धूळ त्यानं शर्टाला पुसली, एकदा बघितलं आणि व्हर्नाच्या हातात दिलं. दुसरं भोक पहिल्याशेजारी पडलं.

हार्लन क्लेटनकडे वळला. त्याचा आवाज दुकानात पेटीचं माप सांगताना असायचा तसाच होता.

"डेलची गोळी हलकी आणि वेगवान. तुझी दुर्बीण लावलीय जड गोळीसाठी. बंदूक बदलली की गोळी सरकते, हे तुलाही ठाऊक. पण कुठे आणि किती, हे कागदावर मारल्याशिवाय कुणालाच कळत नाही. बातिस्तच्या डाव्या गुडघ्याशी कुत्रा होता. टेकाडावरून पाहिलं तर कुत्रा उजवीकडे, आणि वर-डावीकडे बातिस्तची छाती. माप तंतोतंत जुळतं असं मी म्हणणार नाही. दिशा जुळते. तू मध्यात लागली म्हणालास. तू ते काडतूस निशाणावर मारलं असतंस, तर ते कुठे जातं हे तुला कळलं असतं, क्लेटन. आणि कळलं असतं, तर बातिस्त आज जिवंत असता."

क्लेटननं आपल्या बंदुकीकडे पाहिलं. मग बाकावर बसला.

"एकच होतं ना," तो म्हणाला. "मारून पाहिलं असतं तर संपलं असतं. मला वाटलं, सरकेल दोन बोटं. कुत्र्याची छाती केवढी, दोन बोटांनी काय होतं? मी आयुष्यात एवढ्या अंतरावर चुकलो नाही." त्यानं हातांनी तोंड झाकलं. "तो मागे पडला. मला वाटलं, दचकून पडला. मी तिथेच पडून राहिलो, उठेल म्हणून. किती वेळ वाट पाहिली. कुत्रा त्याचं तोंड चाटत होता आणि तो उठेना. मग मी पुंगळी टाकून दिली. ती टाकायची ठरलीच होती."

"आणि डेलला फाशी झाली असती तर?" व्हर्नानं विचारलं. ती अजून त्याच्या बंदुकीमागेच बसली होती.

माइलोनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "चल," तो म्हणाला.

सहा

सोमवारी कॉरोनरची चौकशी हार्लनच्या दुकानातच, विकायच्या खुर्च्यांवर बसून झाली. तिघा पंचांनी निकाल दिला: क्लेटन हपच्या गुन्हेगारी कृत्यानं मृत्यू. खून की निष्काळजीपणा, ते कोर्टानं ठरवायचं. डेल त्याच दिवशी सुटला.

ग्राक्सी सगळं संपेपर्यंत मागच्या खुर्चीवर बसून होती. लोक गेले तरी उठली नाही.

"कुत्र्याला मारायचं होतं," ती म्हणाली.

"हो."

"म्हणजे बातिस्तवर कुणाचा राग नव्हता."

"नव्हता."

"राग असता तर मला समजलं असतं." तिनं हातातला रुमाल उलगडला, पुन्हा घडी केली. "मी त्या पोराच्या खिडकीखाली उभी राहून काय बोलले, ते त्यानं तुम्हाला सांगितलं?"

"सांगितलं."

"रागानं?"

हार्लननं विचार केला. त्याला खोटं बोलून तिचं ओझं हलकं करता आलं असतं. "नाही. पण विसरेल असं वाटत नाही."

ती उठली. दारात येऊन थांबली. रस्त्यापलीकडे कोर्टाच्या पायऱ्यांवर डेल उभा होता, कोठडीतल्याच चुरगळलेल्या शर्टात, कुठे जावं ते न कळल्यासारखा. तिला पाहून तो एक पायरी खाली आला आणि तिथेच थबकला.

ग्राक्सीनं रस्ता ओलांडला. हार्लन दारातून बघत राहिला. मग तिचा आवाज आला, कोरडा, कामाचा.

"मेंढ्या वर आहेत. माझा भाऊ एकटा आहे. बर्फ पडायच्या आत खाली आणायला हव्यात."

डेलनं मान हलवली. "गुरांचा माणूस आहे मी, ग्राक्सी. मेंढ्यांतलं मला काही कळत नाही."

"मला कळतं," ती म्हणाली. "उद्या सकाळी ये. आधी खाऊन ये, असं म्हणणार नाही. माझ्याकडे खा."